डिस्कच्या आधीचा स्लॅश

लिनक्स चालवणारा संगणक सुरू केला की संदेशांच्या ओळी पडद्यावरून सर्रकन वर सरकत जातात. हल्ली त्यांच्यावर बहुधा एखाद्या चिन्हाचं झाकण असतं, पण नंतर टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की सगळ्या ओळी सावकाश वाचता येतात. माझ्या ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर त्यातली एक ओळ अशी आहे : ‘डेंट्री कॅश हॅश टेबल एंट्रीज: १०४८५७६ (ऑर्डर: ११, ८३८८६०८ बाइट्स, लिनियर)’.

ही ओळ उमटते तेव्हा कर्नेल जागा होऊन एक सेकंदही झालेला नसतो. एकच प्रोसेसर कामाला लागलेला असतो, इंटरप्ट बंद असतात, पीसीआय बस अजून चाळलेली नसते. या यंत्रात डिस्क नावाची वस्तू आहे की नाही, याचाही कर्नेलला पत्ता नसतो. तरीही फायलींची नावं लक्षात ठेवायला त्याने ८ एमबी मेमरी बाजूला काढलेली असते. मला या सगळ्या क्रमाची ओढ लागली ती याच ओळीमुळे. फाइल सिस्टीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिस्कवरची मांडणी येते. कर्नेल मात्र आधी मेमरीत एक झाड उभं करतो, रिकाम्या मुळासकट, आणि डिस्क पुढे सवडीने आणून त्याला टांगतो. हे कसं होतं ते क्रमाने पाहू. इथे सांगतो त्या पायऱ्या लिनक्सच्या सहाव्या मालिकेतल्या कर्नेलच्या आहेत. आवृत्तीगणिक फंक्शनांची नावं थोडी इकडची तिकडे होतात, पण गाभा बराच काळ तोच राहिला आहे.

व्हर्च्युअल फाइल सिस्टीम, म्हणजे व्हीएफएस, नावात फाइल सिस्टीम असली तरी स्वतः एकही फाइल साठवत नाही. प्रोग्राम आणि खऱ्या फाइल सिस्टीम यांच्या मधला तो थर आहे. प्रोग्राम फक्त ‘ही फाइल उघड, इतके बाइट वाच’ एवढंच म्हणतो. ती फाइल लॅपटॉपच्या ईएक्सटी४ विभागावर आहे, पेनड्राइव्हच्या फॅटवर आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरवर आहे, की ‘/प्रॉक’मधल्या फायलींसारखी कुठेच साठवलेली नसून विचारल्यावर तिथल्या तिथे तयार होते, याच्याशी प्रोग्रामला देणंघेणं नसतं. प्रत्येक फाइल सिस्टीम आपल्या फंक्शनांच्या पत्त्यांचा एक तक्ता व्हीएफएसच्या हाती देते : वाचायचं असेल तर या पत्त्यावर या, नाव शोधायचं असेल तर त्या पत्त्यावर जा. वाचायची मागणी आली की व्हीएफएस त्या फाइलचा तक्ता उघडतो आणि त्यात लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारतो.

ही कल्पना लिनक्सच्या आधीची. सन मायक्रोसिस्टीम्सला १९८० च्या दशकाच्या मध्यावर नेटवर्कवरची एनएफएस आणि स्थानिक डिस्क दोन्ही एकाच युनिक्समध्ये चालवायच्या होत्या. त्यासाठी तिथे जी रचना झाली, तिच्यावर स्टीव्ह क्लायमन यांनी १९८६ मध्ये युझनिक्सच्या परिषदेत ‘व्हीनोड्स’ या नावाने निबंध मांडला. लिनक्स १९९१ मध्ये सुरू झालं ते एकट्या मिनिक्स फाइल सिस्टीमवर. तिच्यात ६४ एमबीपेक्षा मोठा विभाग चालत नसे आणि फाइलचं नाव १४ अक्षरांच्या पुढे जात नसे. ही भिंत ओलांडायची तर नवी फाइल सिस्टीम हवी होती, आणि नवी आणायची तर जुनी-नवी शेजारी नांदतील असा थर आधी हवा होता. तो ख्रिस प्रोव्हेन्झानो यांनी लिहिला, लिनस टोरवाल्ड्स यांनी नव्याने लिहून कर्नेलमध्ये घातला, आणि त्यावर रेमी कार्ड यांची ‘ईएक्सटी’ एप्रिल १९९२ मध्ये ०.९६सी या आवृत्तीत आली. आजची ईएक्सटी४ याच घराण्यातली.

पुढे जाण्याआधी दोन शब्द पक्के करून घ्यायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. गावात शेताला नाव असतं : विहिरीजवळचं वावर, आंब्याचा तुकडा. तलाठ्याच्या दप्तरात मात्र त्याला गट नंबर असतो. मालक कोण, क्षेत्र किती, हे सगळं त्या नंबराखाली लिहिलेलं असतं. एकाच गटाला दोन भावकींनी दोन नावं दिलेली असू शकतात. इनोड हा गट नंबर समजा. मालक, परवानग्या, आकार, वेळा, आणि मजकूर कुठे आहे हे त्यात असतं, पण नाव नसतं. नाव असतं डेंट्रीत. ‘या डिरेक्टरीत या नावाने हाक मारली की हा इनोड’ एवढीच डेंट्रीची नोंद. यांच्या जोडीला सुपरब्लॉक, म्हणजे माउंट झालेल्या एका फाइल सिस्टीमचं अख्खं दप्तर. आणि फाइल, म्हणजे एखाद्या प्रोग्रामने एखादी गोष्ट उघडल्याची नोंद, तो वाचत वाचत कुठपर्यंत आलाय यासकट.

आता बूटकडे. कर्नेलच्या सी भाषेतल्या भागात पहिलं मोठं फंक्शन म्हणजे स्टार्ट_कर्नेल. त्यात एकामागून एक कितीतरी कामांच्या हाका आहेत, आणि त्यांतल्या दोन थेट व्हीएफएसच्या आहेत. व्हीएफएस_कॅशेस_इनिट_अर्ली ही पहिली, अगदी सुरुवातीला. व्हीएफएस_कॅशेस_इनिट ही दुसरी, बरीच पुढे. एकच काम दोनदा का, याचं उत्तर मेमरीच्या वाटपात आहे.

सुरुवातीला मेमरी हे मोकळं मैदान असतं. तिचा कारभार मेमब्लॉक नावाचा एक साधा हंगामी वाटपकार पाहतो. त्याच्याकडे ‘ही जागा घेतली, ती मोकळी’ अशी यादी असते, बाकी काही नाही. थोड्या वेळाने तो सगळं मैदान बडी ॲलोकेटरच्या ताब्यात देतो आणि निवृत्त होतो. बडी ॲलोकेटर मेमरी ठरलेल्या मापांच्या तुकड्यांत वाटतो, आणि नेहमीच्या एक्स८६ यंत्रावर त्याचा सर्वांत मोठा सलग तुकडा ४ एमबीचा. आठवडी बाजारात ओटे आखून झाल्यावर सलग मोठी जागा मागितली तर मिळत नाही. ती आखणीच्या आधीच राखून ठेवावी लागते. डेंट्रीच्या तक्त्याला, म्हणजे सुरुवातीच्या ओळीतल्या हॅश टेबलला, ८ एमबी सलग हवे आहेत, म्हणून ती मागणी पहिल्या हाकेत, आखणीच्या आधी जाते. कर्नेलच्या मूळ मजकुरात या हाकेच्या वर टिपणच आहे की ही मोठी वाटपं पेज ॲलोकेटर, म्हणजे हाच बडी, उभा राहण्याआधी व्हायलाच हवीत. (अनेक नोड, म्हणजे आपापली मेमरी असलेले प्रोसेसरांचे गट, असलेल्या मोठ्या सर्व्हरवर हे तक्ते मुद्दाम उशिरा केले जातात, म्हणजे ते सगळ्या नोडांच्या मेमरीत विखुरता येतात.)

सुरुवातीच्या ओळीतले आकडे आता उलगडता येतात. डेंट्रीच्या तक्त्यात दर ८ केबी मेमरीमागे एक खण ठेवायचा असा कर्नेलचा नेम आहे. ८ जीबीला ८ केबीने भागलं की १०४८५७६ खण. प्रत्येक खणात एकच पॉइंटर, म्हणजे ८ बाइट; गुणाकार ८३८८६०८. ‘ऑर्डर ११’ म्हणजे दोनाचा अकरावा घात, २०४८ पानं. एक पान ४०९६ बाइटांचं, गुणाकार पुन्हा तोच. पाठोपाठची ओळ इनोडच्या तक्त्याची. तिथे दर १६ केबीमागे एक खण, म्हणून ५२४२८८ खण आणि ४ एमबी. प्रत्यक्षात वापरायला मिळणारी मेमरी ८ जीबीपेक्षा थोडी कमी भरते, पण कर्नेल खणांची संख्या दोनाच्या पुढच्या घातापर्यंत वर नेतो, म्हणून आकडा असा पुरा येतो. स्वतःच्या यंत्रावर हा हिशेब एकदा जरूर करून पाहावा. एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राने पहिल्याच सेकंदात छापलेली ओळ आपल्याला कागदावर ताडून पाहता येते, याचं समाधान वेगळंच असतं.

हे खण कशासाठी? नाव शोधताना कर्नेल त्या नावाच्या बाइटांवर आणि त्याच्या डिरेक्टरीच्या पत्त्यावर एक गणित करतो आणि येणाऱ्या संख्येच्या खणात जातो. तिथे लटकलेल्या छोट्या साखळीत हवी ती डेंट्री असली तर डिस्कला हात लावायची गरज उरत नाही. खण कमी असते तर साखळ्या लांबल्या असत्या, आणि प्रत्येक नाव शोधताना त्या चालत जाव्या लागल्या असत्या. फाइलचा मार्ग चालणं हे कर्नेलच्या सर्वांत वारंवार होणाऱ्या कामांपैकी एक आहे. म्हणून इथे जागेचा उदारपणा दाखवला आहे आणि तो मला रास्त वाटतो.

पहिल्या हाकेत एवढंच होतं : दोन मोठे रिकामे तक्ते. मग बराच वेळ व्हीएफएसचं नावही निघत नाही. मेमरीचे खरे वाटपकार उभे राहतात, शेड्यूलर येतो, घड्याळ चालू होतं, इंटरप्ट उघडतात. त्यानंतर दुसरी हाक येते.

व्हीएफएस_कॅशेस_इनिटचं पहिलं काम म्हणजे साचे तयार करणं. कर्नेलला एकाच मापाच्या वस्तू लाखोंनी लागतात, आणि त्यासाठी त्याच्याकडे स्लॅब नावाची व्यवस्था आहे : मापाची ओळख एकदा करून दिली की तयार, रांगेत मांडलेल्या जागा मिळत राहतात. पहिला साचा मार्गांच्या नावांचा. प्रोग्राम जेव्हा एखादा मार्ग कर्नेलला देतो तेव्हा कर्नेल तो आधी आपल्या मेमरीत उतरवून घेतो, आणि त्यासाठी ४०९६ बाइटांची जागा ठरलेली आहे. अख्ख्या मार्गाची कमाल लांबी हीच. एकेका नावाची मर्यादा सर्रास २५५ बाइट. ही मर्यादा अक्षरांत नाही, बाइटांत आहे, आणि मराठीत फायलींची नावं ठेवणाऱ्याला हे ठाऊक असलेलं बरं. युटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेतं. ‘सातबारा’ हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचं. कर्नेलच्या लेखी सात चिन्हांचं, २१ बाइटांचं. २५५ बाइटांत अशी ८५ चिन्हं बसतात. लांबलचक मराठी मथळा फाइलला जसाच्या तसा देऊ पाहणाऱ्याला ‘नाव फार लांब आहे’ असं उत्तर येतं ते यामुळे. कर्नेलला त्या नावातली भाषा दिसत नाही. त्याला स्लॅश दिसतो, शेवटचा शून्य बाइट दिसतो, बाकी सगळे नुसते बाइट.

दुसरा साचा डेंट्रीचा. ६४ बिट यंत्रावर एक डेंट्री साधारण १९२ बाइटांची. लहान नाव तिच्या पोटातच मावतं, मोठ्या नावाला बाहेर वेगळी जागा घ्यावी लागते. हा साचा बनवताना त्यावर ‘मेमरी कमी पडली तर यातून परत घेता येईल’ अशी खूण केलेली असते. डेंट्री गेली तरी माहिती जात नाही. ती पुन्हा फाइल सिस्टीमला विचारून तयार करता येते.

डेंट्रीची एक खासियत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एखादं नाव शोधलं आणि ते नाहीच असं निघालं, तर कर्नेल तेही लक्षात ठेवतो. इनोडशिवायची अशी डेंट्री ‘निगेटिव्ह’ म्हणवते. प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी कधी कधी अनेक डिरेक्टऱ्यांत शोधली जाते आणि पहिल्या काही ठिकाणी ती नसते. कंपायलर हेडर फाइल शोधत अशाच डिरेक्टऱ्या धुंडाळतो. ‘इथे नाही’ हे उत्तर दर वेळी डिस्कवरून आणावं लागलं असतं तर संगणक आपल्याला जाणवण्याइतका मंद झाला असता. नसलेल्या गोष्टीची नोंद ठेवायला जागा खर्च करणं हा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी प्रत्यक्ष वापर बारकाईने पाहिला असणार.

मग इनोडचा साचा, उघडलेल्या फायलींचा साचा, आणि एकूण किती फायली उघडता येतील याची मर्यादा. ती ठरवताना कर्नेल धरून चालतो की एका उघड्या फाइलमागे सुमारे १ केबी लागेल आणि या कामावर मेमरीचा दहावा हिस्सा खर्च करायला हरकत नाही. ही सुरुवातीची मर्यादा. पुढे ती वाढवता येते.

साचे झाले की एमएनटी_इनिट येतं, आणि सगळ्या प्रवासातली माझ्या मते सर्वांत सुंदर जागा इथे आहे.

आधी आणखी दोन तक्ते केले जातात, माउंटचे. माउंट म्हणजे एका झाडाचं मूळ दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसवणं. मार्ग चालताना एखाद्या डेंट्रीवर ‘इथे काहीतरी माउंट आहे’ अशी खूण दिसली की कर्नेल या तक्त्यात पाहतो. शोधायची किल्ली दुहेरी असते : कोणत्या माउंटमधली, आणि कोणती डेंट्री. उत्तर मिळतं ते वर बसवलेल्या माउंटचं, आणि चाल त्याच्या मुळापासून पुढे सुरू होते. चालणाऱ्याला सांधा कळतही नाही. मग सिसएफएसची तयारी होते, ज्यातून पुढे उपकरणांची माहिती दिसते. ही पायरी फसली तर कर्नेल इशाऱ्याची एक ओळ छापतो आणि पुढे जातो.

त्यापुढची पायरी मात्र अशी सोडता येत नाही. इनिट_माउंट_ट्री नावाचं एक लहानसं फंक्शन ‘रूटएफएस’ नावाच्या फाइल सिस्टीमची एक प्रत माउंट करतं. रूटएफएस म्हणजे दुसरं काही नाही, रॅमएफएस किंवा टीएमपीएफएस. मजकूर मेमरीतच ठेवणारी, मागे कुठलंही उपकरण नसलेली फाइल सिस्टीम. एक सुपरब्लॉक तयार होतो, डिरेक्टरीचा एक इनोड तयार होतो, आणि एक डेंट्री तयार होते, जिचं नाव ‘/’. त्या तिघांना धरणारी माउंटची एक नोंद होते. मांडवाची मुहूर्तमेढ रोवतात तसं हे काम. अजून मांडव नाही, पण पुढचं सगळं जिला बांधायचं ती मेढ जमिनीत गेली. हे माउंट फसलं तर पुढे काही करण्यात अर्थच नाही, म्हणून इथे इशारा देऊन भागत नाही. ‘कान्ट क्रिएट रूटएफएस’ असा संदेश देऊन कर्नेल तिथेच थांबतो.

लगेच या एकुलत्या एक माउंटसाठी एक माउंट नेमस्पेस तयार होते, म्हणजे ‘माझ्या दृष्टीने झाड कसं दिसतं’ याची नोंदवही. ती सध्या चालू असलेल्या प्रोसेसला, क्रमांक शून्यच्या प्रोसेसला, जोडली जाते. शेवटच्या दोन ओळींत त्या प्रोसेसचं रूट आणि तिची चालू डिरेक्टरी, दोन्ही या नव्या ‘/’वर ठेवली जातात. इथून पुढे जन्माला येणारी प्रत्येक प्रोसेस रूट आणि चालू डिरेक्टरी आपल्या आईकडून घेत जाते. आज टर्मिनलमध्ये आपण जिथे उभे असतो त्या जागेची वंशावळ चढत गेलं तर शेवटी या दोन ओळींपाशी पोहोचतो. कंटेनरही याच नोंदवहीची वेगळी प्रत घेऊन काम करतात. कंटेनरला आपलंच एक वेगळं झाड दिसतं ते त्यामुळे.

आणि डिस्क अजूनही सापडलेली नाही!

आधी रूटएफएस, मग खरं रूट, असा वळसा कशाला घ्यायचा, हा प्रश्न मलाही पडला होता. थेट डिस्क सापडेपर्यंत थांबलं असतं तर? मग मधल्या काळात कर्नेलच्या प्रत्येक कोपऱ्यात ‘रूट आहे का?’ हे तपासत बसावं लागलं असतं. यादी कधीच रिकामी होऊ द्यायची नाही, म्हणजे रिकाम्या यादीसाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही, हा कर्नेलकारांचा विचार त्यांच्या दस्तऐवजात नोंदलेला आहे. रूटएफएस काढून टाकता येत नाही त्याचं कारण तेच. काही वेळा एक रिकामी वस्तू कायम ठेवणं हे शंभर तपासण्यांपेक्षा स्वस्त पडतं.

व्हीएफएस_कॅशेस_इनिटचं उरलेलं काम थोडक्यात आटोपतं : ब्लॉक उपकरणांसाठी ‘बीडेव्ह’ नावाची एक आतली फाइल सिस्टीम, आणि कॅरॅक्टर उपकरणांची नोंदवही. बीडेव्ह झाडावर कुठेच दिसत नाही. पुढे पाइपसाठीही अशीच एक अदृश्य फाइल सिस्टीम येते. दोन आज्ञांच्या मध्ये आपण उभी रेघ मारतो तेव्हा तिच्यामागेही एक इनोड असतो.

थर उभा राहिला; आता त्याच्याकडे खऱ्या फाइल सिस्टीमांनी येऊन नाव नोंदवायचं. कर्नेलमध्येच बांधलेल्या भागांची सुरुवातीची फंक्शनं पातळ्यांमध्ये लावलेली असतात : कोअर, आर्क, सबसिस, एफएस, रूटएफएस, डिव्हाइस, लेट, असा ढोबळ क्रम. लिंकर त्यांचे पत्ते त्या त्या पातळीच्या कप्प्यात ओळीने ठेवतो, आणि क्रमांक एकची प्रोसेस, जी अजून कर्नेलच्या आतच धावते आहे, ती यादी वरून खाली चालवत जाते. ईएक्सटी४ची पाळी डिव्हाइस पातळीवर येते. ती आपलं नाव, माउंट करायचं असेल तेव्हा बोलवायचं फंक्शन, आणि उतरवताना बोलवायचं फंक्शन असलेली एक छोटी रचना रजिस्टर_फाइलसिस्टीमला देते. व्हीएफएस एका साध्या साखळीत ती अडकवतो. साखळीत त्याच नावाची कडी आधीच असेल तर ‘जागा अडलेली आहे’ असं उत्तर देऊन परत पाठवतो. चालू यंत्रावर ‘/प्रॉक/फाइलसिस्टीम्स’ ही फाइल उघडली की ही साखळीच वाचायला मिळते. ज्यांना उपकरण लागत नाही त्यांच्यापुढे ‘नोडेव्ह’ असं लिहिलेलं असतं. नोंदणीच्या वेळी ईएक्सटी४ने डिस्क पाहिलेली असण्याची गरज नसते. ‘असं काही समोर आलं तर मला हाक मारा’ एवढंच तिचं सांगणं.

आता खऱ्या रूटचा प्रश्न. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, आणि आजच्या बहुतेक वितरणांत ड्रायव्हर ही डिस्कवरची मॉड्यूल फाइल असते. ही गाठ सुटते ती आधी रोवलेल्या मेढीमुळे. बूटलोडर कर्नेलसोबत इनिटरॅमएफएस नावाचा एक गठ्ठा मेमरीत आणून ठेवतो. तो सीपीआयओ पद्धतीचा असतो. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ०७०७०१ ही सहा आकड्यांची खूण, मग तिची माहिती, मग मजकूर. रूटएफएस पातळीवर कर्नेल हा गठ्ठा सोडतो आणि त्यातल्या डिरेक्टऱ्या आणि फायली नेहमीच्याच पद्धतीने त्या रिकाम्या ‘/’खाली तयार करतो. बाहेरून काही दिलं नाही तरी कर्नेलच्या पोटात एक किमान गठ्ठा असतोच : ‘/डेव्ह’ ही डिरेक्टरी, तिच्यात ‘कन्सोल’ हे उपकरण, आणि ‘/रूट’ ही दुसरी डिरेक्टरी. फक्त तीन नोंदी.

इथे वाट दुभंगते. गठ्ठ्यात ‘/इनिट’ नावाचा प्रोग्राम असला तर पुढचं सगळं त्याच्यावर सोपवलं जातं. तो ड्रायव्हर घालतो, डिस्क शोधतो, कूटबद्ध असेल तर पासवर्ड विचारतो, खरं रूट माउंट करतो आणि त्यावर उडी घेतो. ‘/इनिट’ नसला तर कर्नेल स्वतः प्रयत्न करतो. ‘रूट=’ या पर्यायात दिलेलं उपकरण घेतो, फाइल सिस्टीमचा प्रकार सांगितलेला नसेल तर साखळीतला उपकरण लागणारा एकेक प्रकार त्यावर लावून पाहतो, आणि जो जमेल त्याने ते ‘/रूट’ या डिरेक्टरीवर माउंट करतो. तीन नोंदींतली तिसरी याचसाठी होती. मग ते माउंट तिथून उचलून ‘/’च्या वर ठेवतो आणि आपलं रूट तिकडे नेतो. पहिल्यांदा हे माउंट फक्त वाचण्यापुरतं असतं, म्हणजे लिहायला सुरुवात होण्याआधी डिस्कची तपासणी करता येते.

काही वर्षांपूर्वी स्वतः कर्नेल बांधताना मी डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून निवडला आणि इनिटरॅमएफएस दिलाच नाही. पडद्यावर शेवटची ओळ आली : ‘कर्नेल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. ही ओळ अनेकांनी पाहिलेली असते आणि बहुतेकांना ती नुसती भीतीदायक वाटते. खरं तर कंसातले दोन आकडे सगळं सांगून जातात. पहिला आकडा उपकरणाच्या जातीचा, दुसरा त्या जातीतल्या नगाचा. ०,० म्हणजे उपकरणच सापडलं नाही : ड्रायव्हर नाही, किंवा ‘रूट=’मध्ये नाव चुकलं. तेच ८,१ असतं, तर ८ ही एससीएसआय पद्धतीच्या डिस्कची जात आणि १ हा तिचा पहिला विभाग. म्हणजे डिस्क दिसली, पण तिच्यावरची मांडणी साखळीतल्या कोणालाच वाचता आली नाही. मग शोध ड्रायव्हरचा न करता फाइल सिस्टीमचा करायचा. पॅनिकच्या वरच्या ओळींत कर्नेल उपलब्ध विभागांची यादीही छापतो. माझ्या बाबतीत ती यादी रिकामी होती, आणि तिने मला दहा मिनिटांत योग्य जागी नेलं. मी ड्रायव्हर कर्नेलच्या आत बांधला आणि यंत्र उठलं.

सगळं सुरळीत झालं तर एक आवराआवर उरते. वर सांगितलेली बहुतेक फंक्शनं, व्हीएफएस_कॅशेस_इनिट, एमएनटी_इनिट, इनिट_माउंट_ट्री, ही सगळी जन्मात एकदाच चालायची असतात. त्यांच्यावर तशी खूण असते आणि ती मेमरीच्या एका वेगळ्या पट्ट्यात ठेवलेली असतात. बाहेरच्या जगातला पहिला प्रोग्राम सुरू होण्याच्या किंचित आधी कर्नेल तो पट्टा मोकळा करतो. डीमेसेजमध्ये ‘फ्रीइंग अनयूज्ड कर्नेल इमेज’ने सुरू होणारी ओळ येते ती याचीच, तिच्यात किती केबी परत मिळाले तेही लिहिलेलं असतं. झाड उभं करणारा कोड त्या क्षणी मेमरीतून जातो आणि त्याची जागा इतरांच्या कामी येते. पुढे थोड्याच अंतरावर ‘रन /इनिट ॲज इनिट प्रोसेस’ ही ओळ येते. मग ‘/इनिट’ खरं रूट माउंट करतो, गठ्ठ्यातून आलेल्या आपल्या फायली पुसतो, आणि नवं माउंट जुन्या ‘/’वर आणून ठेवतो. रूटएफएस त्याच्या खाली, पुन्हा जवळजवळ रिकामा, यंत्र बंद होईपर्यंत तसाच राहतो.